ठमीच्या फायलीवरचं प्रश्नचिन्ह

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्याकडे दोघी गाढ झोपलेल्या असतात. सासूबाई पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. ठमी, आमची मांजर, त्यांच्या पायाशी, गोधडीच्या घडीत. पुण्याच्या एक ते चारच्या झोपेची बाहेरचे लोक कितीही टिंगल करोत, आमच्या घरात ती वेळ फार कामाची आहे. मी मोबाईलवर तीस सेकंद लावते आणि ठमीच्या बरगड्यांवर नजर ठेवून बसते. बरगडी वर आली, खाली गेली, की एक. पुन्हा वर, पुन्हा खाली, दोन. मोबाईल नुसता थरथरतो (वाजला तर मोजायचं तेच जागं होतं), तोवर तेरा झाले असले तर तेरा दुणे सव्वीस. वहीत तारीख, वेळ आणि २६. मग मी कामाला बसायला मोकळी.

ही वही दोन वर्षांहून जास्त काळ चालू आहे. म्हणजे वही आता तिसरी आहे.

ठमी २०१९च्या सप्टेंबरात आली. आंबिल ओढ्याला पूर आला आणि गावभर हाहाकार झाला, त्याच आठवड्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली ओला बोळा पडलेला दिसला. बोळा ओरडला. वर आणला. दोन दिवस ठेवू, कुणाला तरी देऊ, असं ठरलं होतं. सगळ्यांचं तसंच ठरलेलं असतं.

सासूबाईंना तेव्हा पन्नासेक वर्षांचा दमा होता. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि मांजर घरात नको, असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मांजर नव्हतं तेव्हाही दमा होताच की.’’ डॉक्टरांकडे यावर उत्तर असणारच, पण त्यांनी ते दिलं नाही. ठमी हे नावही सासूबाईंनीच ठेवलं.

२०२३ची दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि ठमी खोकायला लागली. खोकायला लागली हे मी आज लिहितेय. तेव्हा आम्हाला तो खोकला आहे हेच कळलं नव्हतं. ती मध्येच चालता चालता थांबायची, जमिनीला चिकटून बसायची, कोपरं बाहेर, मान पुढे लांब काढलेली, आणि घशातून खॅक खॅक खॅक असा आवाज. पंधरा-वीस सेकंद. मग एकदा गिळायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने निघून जायची. आम्ही म्हटलं, पोटात केसांचा गोळा झालाय. मांजरं अंग चाटतात, केस पोटात जातात, मग ओकून काढतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावर गवत देतात हेही माहीत असतं. मी कुंडीत गहू पेरले. नवरात्र होऊन महिना उलटला होता तरी आमच्या खिडकीत घट बसले.

तीन आठवडे आम्ही गवत खाऊ घातलं. बंगळूरहून मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘आई, शेवटी बाहेर काय पडतं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘रोज काहीच नाही? मग ती ओकत नाहीये. खोकतेय.’’

वाक्य इतकं सरळ होतं की मला राग आला. तीस वर्षं मी मुद्रितशोधन करते. दुसऱ्यांनी समोर ठेवलेल्या पानावर प्रत्यक्षात काय छापलंय ते बघायचं, काय असायला हवं होतं ते डोळ्यांनी वाचून टाकायचं नाही, ही माझ्या धंद्यातली पहिली इयत्ता. आणि मी तीन आठवडे ‘खोकला’ला ‘गोळा’ वाचत होते.

डॉक्टरकडे न्यायचा दिवस ठरवेपर्यंत ती रात्र आली. पहाटे दोनला मला जाग आली ती आवाजाने नाही, कसला तरी आवाज नसल्याने. ठमी पायाशी नव्हती. बैठकीच्या खोलीत फरशीवर बसली होती, झोपली नव्हती, पडली नव्हती, बसली होती, आणि तिचं तोंड उघडं होतं. कुत्रं धावून आलं की जीभ बाहेर काढून धापा टाकतं, त्यात काही विशेष नाही. मांजराने बसल्या जागी तोंडाने श्वास घेणं म्हणजे थांबायची वेळ संपली. हे मला तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं, पण तिच्याकडे बघून कळलं. पोट उडत होतं. लहान पोराला ‘डबा’ झाला म्हणायच्या ना जुन्या बायका, तसं.

नवऱ्याने तिला टॉवेलात गुंडाळायला घेतलं. ते करायला नको होतं. धाप लागलेल्या मांजराला धरून, दाबून, कुरवाळून काही होत नाही, उलट घाबरून तिचा उरलासुरला श्वासही खर्ची पडतो. पिंजरा समोर ठेवला तर ती आपण होऊन आत गेली, आणि एरवी या पिंजऱ्यासाठी आमच्या हातांवर ओरखडे निघतात, त्यामुळे तेच बघून मला जास्त भीती वाटली.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. ‘‘कोण आहे त्यात?’’

‘‘मांजर. श्वास लागलाय.’’

तो काही वेळ गप्प बसला. म्हात्रे पुलावर बोचरी थंडी होती. मग म्हणाला, ‘‘मांजर आडवं गेलं तर थांबतात. मांजरच आत बसलं असलं तर काय करतात?’’ आणि स्वतःच उत्तर द्यावं तशी त्याने रिक्षा जोरात काढली. गतिरोधक आला की मात्र मुंगीच्या पावलाने.

रात्रभर उघड्या असलेल्या त्या दवाखान्यात त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. पिंजऱ्यातून ठमी थेट काचेच्या पेटीत, पेटीत ऑक्सिजनची नळी, मांडीत एक इंजेक्शन, आणि दिवा मंद. क्ष-किरण, रक्त, इतिहास, सगळं नंतर. डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी. म्हणाली, ‘‘काकू, आता तिला टेबलावर आडवं केलं तर फोटो निघेल, पण मांजर जाईल. आधी श्वास बसू दे.’’ आम्ही बाकावर बसलो. काचेवर ठमीच्या नाकासमोर वाफेचा एवढासा गोल उमटत होता, पुसत होता, उमटत होता. मोजायची सवय मला बहुतेक तिथेच लागली.

सकाळी फोटो काढला. संगणकाच्या पडद्यावर काळ्या फुफ्फुसात पांढरी बारीक वर्तुळं आणि जोडीजोडीने गेलेल्या रेघा. ‘‘आमच्या पुस्तकात यांना डोनट म्हणतात, आणि या रेघांना ट्रामचे रूळ.’’ मला मेदूवडे दिसले. ‘‘श्वासनलिकांच्या भिंती जाड झाल्यात. नळी समोरून दिसली की गोल, बाजूने दिसली की दोन रेघा. जाड का झाल्या ते फोटोत येत नाही.’’

तिथून पुढचे चार महिने आम्ही ‘का’च्या मागे होतो.

ते सगळं सांगत बसत नाही, दवाखान्याच्या गोष्टी दुसऱ्याच्या स्वप्नांसारख्या असतात, सांगणाऱ्यालाच रस. थोडक्यात असं. दमा असू शकेल. जुना ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांची सूज, असू शकेल. हृदय मोठं झाल्यानेही धाप लागते. मायकोप्लाझ्मासारखा जंतू असू शकेल. आणि फुफ्फुसातले जंत. हे जंत गोगलगायीच्या अंगात वाढतात, गोगलगाय उंदराने, पाखराने, पालीने खाल्ली की त्यांच्या अंगात जाऊन बसतात, आणि त्यांना मांजराने खाल्लं की मांजराच्या छातीत. डॉक्टरने विचारलं, ‘‘पाल वगैरे खाते का?’’ सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, ‘‘एक ठेवली नाही घरात.’’

तीन दिवसांची शी डबीत भरून दिली. त्यात काही सापडलं नाही. पण जंतांची पिल्लं रोज पडतातच असं नाही, त्यामुळे नाही सापडली याचा अर्थ नाहीत असा होत नाही, म्हणून जंतांचं औषध दहा दिवस दिलंच. मग जंतूंवरचं डॉक्सिसायक्लिन. ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून प्रत्येक गोळीमागे पिचकारीने पाच मिली पाणी पाजायचं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. मग हृदयाची सोनोग्राफी. त्यासाठी छातीवरचे केस भादरले, आत गुलाबी कातडी निघाली, आणि हृदय एकदम ठणठणीत निघालं. शेवटी स्टेरॉइड. चौथ्या दिवशी ठमी फ्रिजवर चढली. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. गोळी हळूहळू कमी करत आणली, तर खोकला परत. पुन्हा तोच डोस दिला, तर या वेळी गुण निम्माच.

‘‘म्हणजे दमा?’’ मी विचारलं.

‘‘स्टेरॉइडने दम्यालाही बरं वाटतं, ब्राँकायटिसलाही बरं वाटतं. बरं वाटलं म्हणजे नाव कळलं असं नाही, काकू.’’

एक तपासणी राहिली होती. भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालायची, थोडं मिठाचं पाणी सोडायचं, परत ओढून घ्यायचं आणि त्यात कुठल्या पेशी आहेत ते बघायचं. एका प्रकारच्या निघाल्या तर दम्याकडे बोट, दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या तर ब्राँकायटिसकडे. पण जिचा श्वासच धड नाही तिला भूल द्यायची. आणि कौल मिळाला तरी औषध बहुधा हेच. आम्ही दोन रात्री बोललो. मुलगी म्हणाली करा. नवरा म्हणाला नको. सासूबाईंनी विचारलं, ‘‘तिला कळणारे का नाव?’’ आम्ही नाही केली. बरोबर केलं की चूक, हे मी अजून ठरवलेलं नाही. कधी वहीत लागोपाठ तीन दिवस तिशीच्या वरचे आकडे आले, की रात्री ती न केलेली तपासणी डोळ्यांपुढे येते.

त्या दिवशी डॉक्टरने फायलीवर लिहिलं: खालच्या श्वसनमार्गाचा जुनाट आजार. आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

मला ते चिन्ह फार ओळखीचं वाटलं. प्रुफात एखादा शब्द खटकला आणि लेखक हाताशी नसला, तर आपण आपल्या मनाने तो दुरुस्त करायचा नसतो. खाली रेघ मारायची आणि समासात प्रश्नचिन्ह करायचं. उत्साही मुद्रितशोधक ‘सुरस’चा ‘सुरेख’ करून टाकतो आणि लेखक जन्मभर त्याला शिव्या देतो. प्रश्नचिन्ह करणारा आळशी नसतो. पण त्याच्या जागी वाचक म्हणून बसायची वेळ आपल्यावर आली, की फार अवघड जातं.

कारण लोक विचारतात. ‘‘काय झालंय तुमच्या मांजरीला?’’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर लागतं. कावीळ, मुतखडा, रक्तदाब. शब्द मिळाला की समोरचा ‘‘अरेरे’’ म्हणतो, आपल्या माहितीतला तोच आजार सांगतो, आणि विषय मिटतो. ‘‘माहीत नाही’’ म्हटलं की विषय सुरू होतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी अ‍ॅलर्जी ठरवली. कामाला येणाऱ्या मावशींनी दृष्ट ठरवली आणि मीठ-मोहऱ्या उतरवूनही टाकल्या. एका बाईंनी पॅरासिटामॉलची पाव गोळी सुचवली, अगदी मायेने, आणि मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडले. माणसाचं यकृत ती गोळी पचवून निकालात काढतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. तिचं रक्तच प्राणवायू वाहायचं बंद होतं. पाव गोळीनेही. निलगिरीचा वाफारा, कापूर, छातीला चोळायचं मलम, सर्दीच्या घरातली सगळी प्रेमं मांजराला विष आहेत.

सासूबाईंनी सटवाईवर ठेवलं. मांजर हे षष्ठीचं वाहन, आणि षष्ठी म्हणजेच आपली सटवाई, सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाणारी. ‘‘तिने स्वतःच्या वाहनाच्या कपाळावर लिहिलंय, ते तुझ्या डॉक्टरणीला कसं वाचता येईल?’’ मला ते पटलं नाही, पण अक्षर लागत नाही हे कारण माझ्या धंद्यात चालतं.

मी मग माणसं बघून उत्तर द्यायला शिकले. लिफ्टमध्ये भेटलं तर ‘‘दमा’’. नातेवाईक असतील तर ‘‘छातीचं आहे काहीतरी’’. खरं उत्तर फक्त एकाच ठिकाणी द्यावं लागत होतं, दवाखान्यात, आणि तिथे नाव विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. डॉक्टर आकडा विचारायची. ‘‘झोपेतले किती?’’

झोपेत मांजराचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतात. तिशीच्या आत असले तर आपलं आपण बघायचं. सारखे तिशीच्या वर राहायला लागले तर फोन. चाळिशी ओलांडली तर पिंजरा. खेळून आल्यावर मोजायचे नाहीत, उन्हात लोळताना मोजायचे नाहीत, घुरघुरत असताना मोजायचे नाहीत. आणि स्वप्नात तर मुळीच नाही. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, जेव्हा ४४ आले आणि मी पिंजरा काढायला धावले, आणि परत येऊन बघते तर ठमीच्या मिशा थरथरतायत, पुढचा पंजा हवेत काहीतरी पकडतोय. पालीचं स्वप्न असणार. पाच मिनिटांनी २४.

नवरा मोजतो तेव्हा त्याचे आकडे माझ्यापेक्षा दोन-चारने कमी येतात. नेहमी. स्वभावाला औषध नाही. त्याचे आकडे वहीत पेन्सिलने लिहितो आम्ही.

घुरघुरण्यावरून आठवलं. ठमी दवाखान्यात गेली की घुरघुरते. प्रेमाने नाही, भीतीनेही मांजरं घुरघुरतात. आणि श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा आवाज चालूच, मध्ये फट नाही. डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला तर तिला आत फक्त पिठाची गिरणी ऐकू येणार. मग ती काय करते, तर हात धुवायच्या बेसिनचा नळ सोडते. पाण्याचा आवाज आला की ठमीचे कान तिकडे वळतात आणि गिरणी बंद. तेवढ्या दहा-बारा सेकंदांत ती घाईघाईने डावी बाजू, उजवी बाजू ऐकून घेते. एवढी यंत्रं, आणि सगळं एका नळावर अडलेलं. पाणीकपातीच्या दिवसांत काय करता, मी विचारलं. म्हणाली, बादली आणि तांब्या.

घरी येऊन मी छापून आलेल्या प्रुफाच्या कागदांची सुरळी केली आणि ठमीच्या बरगडीला लावली. हे वेड माझं नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून लावली, आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. माझ्या सुरळीतून गिरणीच ऐकू आली. पण कागदातून ती कानात इतकी जवळ आली की मी बराच वेळ काढली नाही. आमच्याकडचा नळ चालत नाही, ठमीला तो सरावाचा आहे.

प्रुफांचा दुसराही उपयोग निघाला. शीच्या ट्रेमध्ये विकतची माती होती, ती उकरली की धूळ उडायची, आणि उकरताना नाक कुठे असतं ते सांगायला नको. डॉक्टरने माती बंद करायला सांगितली. तेव्हापासून वाचून झालेली कच्ची प्रुफं मी फाडून ट्रेमध्ये घालते. ठमी काही हस्तलिखितांवर जास्त वेळ घालवते. कुणाच्या, ते सांगत नाही.

गोळीच्या स्टेरॉइडने वजन वाढतं, मधुमेहाची भीती असते, म्हणून डॉक्टरने पंपावर आणलं. माणसांचाच, फ्लुटिकासोन या ओढून घ्यायच्या स्टेरॉइडचा पंप, त्याला तान्ह्या बाळाचं स्पेसरचं नळकांडं आणि एवढासा मास्क. स्वयंपाकघरातल्या फळीवर आता दोन स्पेसर उभे असतात. एकावर पांढरी पट्टी, ‘आई’. दुसऱ्यावर ‘ठमी’. अक्षर माझंच, दोन्हीकडे सारखं.

पहिले आठ दिवस मी तो मास्क ठमीच्या तोंडाला लावायचा प्रयत्न करत होते आणि सासूबाई बघत होत्या. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘आण इकडे. तू तिला पकडतेस. पकडून कुणी श्वास घेतं का?’’ पन्नास वर्षांच्या दम्यातून बोलत होत्या, मी दिला. त्यांनी मास्कच्या आत सायीचं बोट फिरवलं आणि मास्क नुसता गोधडीवर ठेवून दिला. दोन दिवस ठमी साय चाटत होती. मग मास्क त्यांच्या हातात, साय आत. मग नळकांड्यासकट. पंपाचा ‘फुस्स’ हा मोठा अडथळा होता, मांजराच्या भाषेत ती शिवी आहे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा की पंप आधी उशीखाली दाबायचा, औषध नळकांड्यात गेलं की चटकन मास्क नाकावर. मग एक हात ठमीच्या कपाळावर. ‘‘ओढ, ठमे. सोड. ओढ. सोड.’’ दहा श्वास. हेच शब्द, याच लयीत, त्यांना कधीकाळी त्यांच्या डॉक्टरांनी शिकवले होते. शेवटी त्या स्वतः गुळणी करतात, कारण तोंडात औषध राहिलं तर पांढरे चट्टे पडतात. ‘‘हिला गुळणी कोण करायला लावणार,’’ म्हणून ओल्या फडक्याने तिचं नाक-तोंड पुसतात. ठमी हे सगळं सहन करते आणि मग अपमान धुवून काढावा तसं पुन्हा स्वतः चाटते.

डॉक्टरने घरातल्या धुराची यादी विचारली होती. सिगरेट कुणी ओढत नाही. डासांची वडी? बंद. फिनेल? बंद, ते तर मांजराला एरवीही घातक. उदबत्ती? सगळे गप्प. सासूबाईंच्या देवांना सकाळी दोन, संध्याकाळी दोन उदबत्त्या, आणि आरतीला कापूर. त्यांचे छातीचे डॉक्टर वीस वर्षं सांगत होते, उदबत्ती सोडा. ‘‘देवाला काय सांगू?’’ म्हणून त्यांनी वीस वर्षं सोडली नव्हती.

त्या रात्री मी काही बोलले नाही. सकाळी उठून चहा टाकला आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. दूध आलं होतं, पेपर आला होता. मग लक्षात आलं, घराला वास नाहीये. देवघरात निरांजन होतं, जास्वंद होती, उदबत्तीचं घर रिकामं.

‘‘देवाला काय सांगितलंत?’’ मी विचारलं.

‘‘घरात आजारी आहे म्हटलं.’’

‘‘आई, इतकी वर्षं घरात आजारी होतंच की.’’

‘‘माझं वेगळं,’’ त्या म्हणाल्या आणि पेपर उघडला.

बाकी धूर आपल्या हातात नाही, एवढंच वहीने शिकवलं. आकड्यांशेजारी मी एक रकाना ठेवलाय, त्यात त्या दिवशी काय झालं ते दोन शब्दांत. ‘वरच्यांकडे फरश्या कापतायत’: ३४. ‘फवारणीची गाडी’: ३६. ती गाडी पावसाळ्यात येते, गल्लीभर पांढरा धूर सोडते, पोरं मागे पळतात आणि आम्ही खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबतो. ‘पाला जाळला’ हे तर डिसेंबर-जानेवारीत दर दोन दिवसांनी. झाडलोट करायची, ढीग करायचा आणि काडी लावायची, ही आपली स्वच्छता. थंडीत सकाळी धूर वर जातच नाही, जमिनीलगत पसरून राहतो, आणि मांजराचं नाक जमिनीपासून वीतभर. रस्त्यावर हवेच्या आकड्यांचे जे फलक लागलेत, पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘सफर’चे, त्यांच्याकडे मी पूर्वी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आता सिग्नलला थांबले की अडीच मायक्रॉनच्या धुळीचा आकडा आधी वाचते, मग सिग्नल. केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याची ती धूळ नाकात अडत नाही, थेट खाली, त्या मेदूवड्यांपर्यंत जाते.

काही दिवस रकाना कोरा असतो आणि तरी ३५. ना धूळ, ना धूर, ना थंडी. पूर्वी मी अशा दिवशी मागचे चार दिवस उकरून कारण शोधायची. हल्ली तिथे एक प्रश्नचिन्ह काढते आणि पुढच्या ओळीवर जाते.

तसा गेला हिवाळा बरा गेला. पिंजरा एकदाच निघाला, तोही वार्षिक लसीसाठी. दिवाळीत ठमीला आतल्या खोलीत ठेवून आळीपाळीने सोबत केली, लक्ष्मीपूजनाच्या रात्री सासूबाईंनी दोघींचे पंप एकापाठोपाठ एक घेतले आणि दिले. खोकला आठवड्यातून एखादा असतो. फ्रिजवर ती अजून चढते, पण थांबून, खुर्चीवरून. पाली पुन्हा दिसायला लागल्यात घरात.

काल दुपारी नेहमीसारखं बसले होते. ठमीचे बारा झाले, बारा दुणे चोवीस, लिहिलं. मोबाईल हातातच होता. सासूबाईंच्या पाठीवरची साडी हळू वर येत होती, हळू खाली. पुन्हा तीस सेकंद लावले. आठ झाले असतील, नऊ झाले असतील.

‘‘माझे मोजू नकोस,’’ भिंतीकडे तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या रोगाला नाव आहे.’’